टेस्ट डेटात दादाचं नाव

भूतबित, करणी, बाधा असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जातो. यावरून घरात भांडणं केलीत मी. तरी लिहितोय, कारण वर्षभर हे पोटात ठेवून जीव नकोसा झालाय.

मी विंझरचा. सॉफ्टवेअरमध्ये आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. हॉस्पिटलच्या एका सिस्टिममधली माहिती दुसऱ्या सिस्टिमला पोचवणारी वेब सर्व्हिस आम्ही सांभाळतो. मध्ये एंटरप्राइज सर्व्हिस बस असते – पेशंटच्या माहितीचे सगळे मेसेज तिच्यातून जातात, तिथेच अडकतात आणि शिव्या आम्ही खातो.

भातकापणीचे दिवस. सकाळचे अकरा. दादा-वहिनी खाचरात गेलेले, मी माळ्यावर लॅपटॉप घेऊन. जखमी पेशंटचे मेसेज सर्व्हिस घेतच नव्हती. टेस्ट सर्व्हर बंद... म्हटलं, मरू दे, लाइव्हवरच, म्हणजे हॉस्पिटलच्या चालू सिस्टिमवरच बघू. आमच्या धंद्यात हा गुन्हा, पण करतात सगळे. आणि टेस्टला घरातल्याच कुणाचं तरी नाव टाकायचं, ही पण सगळ्यांचीच खोड. मी दादाचं टाकलं. दत्तात्रय, वय बेचाळीस, विंझर. जखम – डावा दंड, धारदार शस्त्र. सेंड. एरर.

जखम बदलली – उजवा खांदा. एरर. डोकंच फिरलं माझं. दातओठ खात टाईप केलं – कपाळ, खोल. परत एरर! मग दिसलं, ‘पेशंटची स्थिती’ हा रकाना रिकामा जातोय. तिथे ‘मृत’ निवडलं, सेव्ह केलं... आणि सेंड दाबणार तोच वहिनीचा फोन.

“भावजी, पळा! मारुत्यानं ह्यांना कोयत्यानं तोडलं... लई रगात चाललंय ओ!”

मारुती म्हणजे शेजारच्या खाचरवाला. बांध कोरण्यावरून त्याची नि दादाची बाचाबाची नेहमीचीच, पण हात कधी उचलला नव्हता त्यानं. मी धावत पोचलो तर दादा कापलेल्या भातावर आडवा. दंडाचं मांस लोंबत होतं, खांदा फाटलेला, कपाळातलं रक्त डोळ्यांत उतरलेलं. मारुती तिथंच उभा, कोयता उगारलेला.

“हात खाली येईना माझा... न्हाई येत,” एवढंच बरळत होता.

मी त्याच्या पेकाटात लाथ घातली, पाडला, तोंड फुटेस्तोवर मारला. सांगायला लाज नाही वाटत. वहिनीनं मला ओढलं – “त्याला मागनं मारा, आदी ह्यांना उचला!”

दादाला टेम्पोत घालून नसरापूरच्या दवाखान्याकडे निघालो. डोकं वहिनीच्या मांडीवर. ती रडत सांगत होती, “पयला दंडावं घातला, मग खांद्यावं, मग कपाळावं... चवथा उगारला आन् तसाच ऱ्हायला.” अहो, हाच क्रम! मी टाईप केलेला!

तेवढ्यात आमच्या लीड मॅडमचा पुण्याहून फोन. मी सेव्ह केलेलं त्यांनाही दिसतं.

“अरे, तुझा एक मेसेज नुसताच पडलाय. क्लायंट बोंबलतोय, मीच सेंड मारते.”

“मॅडम, हात लावू नका! डिलीट करा तो!”

“का? टेस्ट डेटाच आहे ना?”

दादाचे डोळे वर गेले. वहिनीनं त्याच्या नाकापाशी बोटं धरली आणि किंचाळली. मी मॅडमना आईवरून शिवी घातली. आयुष्यात पहिल्यांदा, एका बाईला. “डिलीट कर म्हणतोय ना!”

“केला रे बाबा, केला...” त्या रडायलाच आल्या होत्या.

दादानं मोठ्ठा श्वास ओढला आणि पाणी मागितलं.

दादा वाचला. डावा हात अजून वर जात नाही. मारुती जबाबात म्हणाला, पहिल्या वारानंतरचं काहीच आठवत नाही. कुठला मेसेज कधी गेला याची नोंद असते, तो लॉग मी शंभरदा उघडून पाहिला असेल. योगायोग म्हणायचा तर म्हणा, मला नाही म्हणवत. घरात हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वहिनी मात्र आल्यागेल्याला सांगते, “त्या दिवशी भावजी घरी व्हते म्हणून हे वाचले.” मग दादा उजवा हात माझ्या पाठीवर ठेवतो, आणि मी खाली मान घालून चहा पितो.