पहिल्या पेशंटसमोर गप्प

मंडळी, मी कॉलेजात एक्सरसाइज फिजिऑलॉजी, म्हणजे व्यायामाने शरीरात काय बदल होतात ते शिकवते. आज शेवटच्या वर्षाच्या मुलांना पहिल्यांदाच हॉस्पिटलमध्ये नेलं.

सातपूरच्या कारखान्यात काम करणारे एक काका बायपासनंतर व्यायाम शिकायला आले होते. त्यांनी वर्गात पहिली येणाऱ्या सायलीला विचारलं, "ताई, मी घरचा जिना चढू का? लय भीती वाटते."

सायली माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मी काकांची नाडी बघत त्यांना हळूहळू एक मजला चढवलं. वर पोचल्यावर ते हसले.

सायली म्हणाली, "मॅडम, पेशंटला असं कसं सांभाळायचं, हे आपल्याकडे शिकवतच नाहीत."

हॉस्पिटलचे तास अभ्यासक्रमात घ्या, असं मी कॉलेजच्या दर मीटिंगला सांगते. "पुढच्या वर्षी बघू," हेच उत्तर मिळतं. थकले आता.

आजची परवानगी एकदापुरतीच होती. सायली विचारतेय, "पुढच्या आठवड्यात परत येऊ या?"

काय सांगू तिला?