पहिला घास नक्की कुणाचा?

मंडळी, आज दुपारी कुरुळीत शेजारच्या शेवंताच्या बाळाचं उष्टावण झालं. मामाला पिंपरीच्या नव्या कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून कार्यक्रम सारखा पुढं जात होता.

"मामानं भरवल्याबिगर पोराच्या तोंडात शीत जायाचं न्हाई," हा शेवंताच्या सासूचा, बायजाआक्काचा, हुकूम. बाळ नुसत्या दुधावर रोडावेल या काळजीनं शेवंताच वाळलेली.

अखेर मामा सायकल हाणत आला. राजाछाप चांदीच्या रुपयावर खीर घेऊन त्यानं बाळाच्या ओठाला लावली. बाळानं ती मामाच्या कोऱ्या सदऱ्यावर परत केली.

शेवंताला रडू फुटलं. "आता ह्यो जेवायचाच न्हाई का वं, आत्याबाई?"

तेवढ्यात बाळ रांगत आक्काच्या मांडीवर चढलं, तिचं बोट धरलं आणि भलामोठा आ वासला.

"बघत काय बसलीस?" आक्का सुनेवर खेकसली. "दूधभाकरी कुस्करून आण. गूळ जास्तच घाल, त्याबिगर त्यो गिळत न्हाई!"

शेवंता रडता रडता हसली, "कधीपास्नं, आत्याबाई?"

आक्कानं मान वळवून पदर सावरला. बाळ मात्र मिटक्या मारत जेवलं.

माझाही पहिला घास मामाचाच, असं माझी आजी छातीठोकपणे सांगायची. तुमच्या घासाची नीट चौकशी केलीत का?