डब्यातल्या डब्यात वाढलेले कण

डॉक्टर साठेंनी मला फसवलं. माल खरा देऊन फसवलं, म्हणून ते आजही उजळ माथ्याने फिरतात.

मी भिवंडीत कापडाला लागणारी केमिकल्स विकतो. टेमघरच्या एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, पिंपं उचलत सुरुवात केली, पुढे काल्हेरला स्वतःचं पत्र्याचं गोडाऊन घेतलं. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, जो तो ‘नॅनो’ म्हणायला लागला होता तेव्हाची.

कापडाचे व्यापारी कय्यूमभाई माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या कापडाची नक्कल बाजारात येत होती. त्यांना काठावर न दिसणारी खूण हवी होती. साठेंची छोटी लॅब होती. त्यांनी झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण अल्कोहोलमध्ये तरंगत ठेवलेलं द्रावण मला दिलं, ते मी कय्यूमभाईंना विकलं. दिसायला पाणी. पण नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ते हिरवं चमकायचं. कय्यूमभाईंनी प्रत्येक गिऱ्हाइकाला तसा दिवा दिला आणि बजावलं, “हरा दिखे तो हमारा. दूसरा कोई भी रंग, नकली.”

उन्हाळा सरता सरता त्यांचा फोन आला. “पाटीलभाऊ, दुकान पे आओ. अभी.”

गिऱ्हाइकांनी नकली म्हणून परत पाठवलेले तागे जमिनीवर पडले होते. दिव्याखाली काठ पिवळाधमक.

“मेरा माल, मेरीच बत्ती, और मैंच चोर! डब्बे में क्या मिलाया?”

“सील तुमच्या माणसासमोर तोडलंय, कय्यूमभाई.”

“तो मेरा हरा निशान किसको बेच के मुझे ये पीला दिया? भरी हुई गाडी रोकी है मैंने. शाम तक जवाब दो, नहीं तो पूरे बाजार को बोलूंगा.”

धंद्यात तोटा भरून निघतो. ‘खूण विकणारा’ असं नाव पडलं, तर भिवंडीत कोण दारात उभं करणार? द्रावणाचा डबा उचलला आणि साठेंची लॅब गाठली.

त्यांनी शांतपणे फ्रिजमधून स्वतःची बाटली काढली. माझ्या डब्यातलं द्रावण दुसऱ्या बाटलीत ओतलं आणि दोन्ही दिव्याखाली धरल्या. त्यांची हिरवी, माझी पिवळी.

“माल तोच आहे. तुमच्याकडचा मोठा झाला.”

“मोठा झाला? कोंबडी आहे का ती?”

मग त्यांनी समजावलं. झिंक ऑक्साइड हा सेमीकंडक्टर. त्यातल्या इलेक्ट्रॉनला वर चढायला एक पायरी असते. कण अगदी बारीक केला, की पायरी उंच होते आणि चमक निळ्या-हिरव्याकडे जाते. कण वाढला, की पायरी उतरते आणि चमक पिवळी पडते. द्रावण गरम राहिलं, की बारीक कण विरघळतात आणि मोठ्यांवर जाऊन बसतात. त्यांनी कपाटातून या कणांचं माप दाखवणारे एक्स-रेचे आलेख काढले. बारीक कणांचं शिखर पसरट, वाढलेल्यांचं टोकदार.

“बघा, झिंक तेच, ऑक्सिजन तोच, अणूंची मांडणीही तीच. यात फसवणूक कुठे?”

“झिंक ऑक्साइड बाजारात पोत्याने मिळतं, डॉक्टर. मी तुमच्याकडून कणाचं माप घेतलं होतं.”

“भाव पाडायला तुम्हीच वर्षाचा माल एकदम उचललात. पत्र्याखाली ठेवा असं मी सांगितलं होतं?”

“ठेवू नका, असं सांगितलंत?”

त्यांनी आलेख परत कपाटात ठेवले. भांडायला वेळ नव्हता. त्यांची हिरवी बाटली हिसकावल्यासारखी घेतली आणि परत कय्यूमभाईंचं दुकान गाठलं.

खालच्या चहावाल्याकडून गरम पाणी मागवलं. झाकण सैल करून बाटली त्यात ठेवली. कय्यूमभाई दिवा लावून, खुर्ची ओढून समोर बसले. बराच वेळ हिरवं ते हिरवंच. माझा शर्ट पाठीला चिकटला. मी पाणी बदलायला लावलं, पुन्हा बदलायला लावलं. हळूहळू हिरवा फिका पडला. मग पोपटी झाला. मग पिवळा.

कय्यूमभाईंनी दिवा बंद केला. “मतलब तू चोर नहीं. बेवकूफ है.”

त्यांनी गाडी खाली करून घेतली. तो माल बिनखुणेचा म्हणून इथल्याच बाजारात गेला. पुन्हा त्यांनी खूण लावली नाही. माझ्याकडून बाकी माल घेतात, पण सील आता स्वतः तोडतात.

तेव्हापासून नॅनो माल घेताना मी शुद्धता नंतर विचारतो. आज कण केवढा आहे आणि माझ्या गोडाऊनमधला एक मे महिना काढल्यावर केवढा होईल, हे आधी.

एक मात्र सुटत नाही. ते आलेख नवे नव्हते, त्यांवरची तारीख मी माल उचलण्याआधीची होती. गरमीत कण वाढतात हे साठेंनी आधीच तपासलं होतं, कपाटात जपून ठेवलं होतं, आणि मला माल देताना तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. डॉक्टर, रसायन मला कळलं. तेव्हा गप्प का बसलात, ते आता सांगा. मला नको, कय्यूमभाईंच्या दुकानात येऊन सांगा.