मिरचीच्या पथारीशेजारचा बोलिव्हिया

भूगोलाच्या पुस्तकात बोलिव्हियाला जेमतेम चार ओळी होत्या: उंच पठार, चांदी, कथील आणि लामा नावाचा ओझ्याचा प्राणी. माझ्या वर्गातली पोरं त्या घोकायची आणि विसरायची. माझं मात्र त्या पठारावर मन जडलं होतं. का, ते विचारू नका. मी म्हसावदचा, सपाट काळ्या जमिनीतला माणूस, तोरणमाळच्या डोंगराहून उंच कधी चढलो नाही. मुंबईहून जुनी पुस्तकं मागवून त्या मुलखाची माहिती जमवायची आणि संध्याकाळी बायकोला सांगायची, हा माझा छंद. "तिथं बटाटे थंडीत गोठवून, तुडवून, उन्हात वाळवतात," असं म्हटलं की ती विचारायची, "मग पापडासारखे तळतात का?" मी चिडायचो. ती हसायची.

ती प्लेगात गेली. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य उरकलं आणि मी नोकरीला होतो त्या नंदुरबारात माझ्यासमोर तिचा विषयच बंद झाला. मास्तरांना त्रास नको, म्हणून. चांगुलपणाच तो, पण त्या चांगुलपणानं माझा जीव गुदमरायचा. मला तिच्याबद्दल बोलायचं होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं.

त्या हिवाळ्यात शाळेच्या मागच्या अंगणात मी मातीचा बोलिव्हिया केला. पोरांना समजावं म्हणून, असं हेडमास्तरांना सांगितलं. खरं म्हणजे रिकामं घर खायला उठायचं. दोन्हीकडे डोंगररांगा, मधे पठार, मिठाच्या वाळवंटाला खडेमीठ आणि एका डोंगराला खाणीची भोकं. कुंपणापलीकडे मिरची वाळत घालायची पथारी होती. तिथं बायका वाळत्या मिरच्यांचे देठ खुडत.

एका सकाळी पाहतो तर खाणीच्या तोंडाशी कुंकू, तांदूळ आणि फोडलेला नारळ! पूजेच्या पाण्यानं अर्धं पठार वाहून गेलेलं. माझं डोकंच फिरलं. कुंपणाशी जाऊन मी ओरडलो, "हा उद्योग कोणाचा?"

नवापूरकडच्या डोंगरातून मजुरीला आलेली, माझ्याहून थोरली एक बाई उठली. "पूजा मी करी," ती म्हणाली. "डोंगऱ्यादेवना महिना शे."

मार्गशीर्षात त्यांच्याकडे डोंगरातल्या गुहेपाशी देवाला जातात. मजुरीपायी तिचं यंदा जाणं राहिलं होतं. इथं आयता डोंगर दिसला, गुहा दिसली.

"डोंगरनं नाव काय?" तिनं विचारलं.

माझा राग तिथंच विरघळला. मी तिला नाव सांगितलं, मग चांदीचं सांगितलं, मग बोलतच राहिलो.

त्यानंतर दुपारी भाकर खायला ती कुंपणाशी येऊन बसे. ओझं जास्त झालं की लामा खाली बसतो आणि हाकणाऱ्यावर थुंकतो, हे तिला फार आवडलं. खाणीत शिरताना तिथले लोक आतल्या धन्याला, म्हणजे खाणीच्या दैवताला, पानं आणि दारू ठेवतात, म्हटल्यावर तिला नवल वाटलं नाही. "ठेवनंच पडी," ती म्हणाली. तिच्या भांड्याची कल्हई कथलाचीच असते, हे ऐकून तिनं भांडं आतून निरखून पाहिलं.

"तठल्या बाया काय करतस?"

"खाणीबाहेर बसून दगड फोडतात, कथील वेचतात."

मिरचीनं भाजलेली आपली बोटं पाहत ती म्हणाली, "म्हंजे आमनासारख्याच."

होळी जवळ आली. पथारी उठायची होती आणि ती गावी परत जायची होती. माझी पुस्तकंही सगळी सांगून झाली होती. शेवटच्या दुपारी मी म्हणालो, "संपलं बाई. आता माझ्याजवळ सांगायला काही नाही."

तिनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं.

"मास्तरीनबाई कशी व्हती?"

पलीकडून मुकादम हाका मारत होता. ती हलली नाही.

"सांगा," ती म्हणाली. "मी बसेल शे."

तेव्हा माझा बांध फुटला, आणि भर दुपारी, कुंपणाला धरून, रडत रडत मी बायकोबद्दल सांगू लागलो.