अलीचा डोळा कुणी फोडला

चौकात जुन्या हायवेला लागून अझहरचं पंक्चरचं दुकान आहे आणि समोर माझं स्पेअर पार्ट्सचं. अझहर माणूस इतका सावध की बघणाऱ्याच्या डोक्यात तिडीक जावी. ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती सुटते आणि समोरच्याचं डोकं फोडते. म्हणून अझहर आधी चाकाला साखळदंड गुंडाळतो, मग ड्रायव्हरला लांब हाकलतो. घाई करणाऱ्या एकाला तर त्याने गचांडी धरून रस्त्यावर भिरकावला होता.

त्याला कारण होतं. आपण घाईत बसवलेली रिंग उडाली आणि थोरल्या भावाचा, अलीचा, डावा डोळा गेला, अशी त्याची समजूत होती. अख्ख्या चौकाची तीच समजूत. अली स्वतःच चहाच्या टपरीवर ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचा.

खरं फार वाईट होतं. तेव्हा अझहरच्या कानात आवाज यायचे. भाऊ चहातून विष देतोय, असं ते सांगायचे. एका दुपारी दुकानात त्याने चाकाचे नट खोलायची टॉमी उचलली, तो हातभर लोखंडी दांडा, आणि अलीच्या तोंडावर हाणली. पुढे कर्जतच्या सुनीती डॉक्टरांच्या औषधांनी तो बरा झाला, पण ती दुपार त्याच्या डोक्यातून पुसली गेली. मग अली आणि त्यांची आई हुस्नबानो यांनी रिंगेची गोष्ट रचली. "चुकीनं झालं म्हटलं तर तो रडंल, पर जगंल," ती डॉक्टरांना म्हणाली. "भावाला मारलं म्हटलं तर गाडीखाली जाईल." डॉक्टरांना ते पटत नव्हतं. पण सांगायचा विषय काढला की म्हातारी म्हणायची, "अजून नको."

डॉक्टरांनी यावर मनोविकारांच्या एका इंग्रजी नियतकालिकात लेख लिहिला. हुस्नबानोला विचारून लिहिला. नाव बदललं, गाव बदललं, सख्खा भाऊ चुलत केला. रिंग मात्र तशीच ठेवली, कारण लेखच घरच्यांनी रचलेल्या खोट्यावर होता. आता डॉक्टर पडल्या कर्जतच्या पिढीजात शिकलेल्या घरातल्या. आमच्या टपरीवर रोज काय सांगितलं जातं ते त्यांना कुठून कळणार? शिवाय नियतकालिक महागडं, डॉक्टरांशिवाय वाचतो कोण?

यंदा ते सगळ्यांना फुकट वाचायला खुलं झालं. चांगलंच झालं म्हणा, विद्या काय कुलपात ठेवायची असते? पण पुढच्या वळणावर रूपेशचं पंक्चरचं दुकान आहे आणि त्याची पुतणी सानवी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिने मोबाइलवर लेख वाचला, रिंगेवरून अझहर ओळखला आणि भाबडेपणाने घरी सांगितलं. माकडाच्या हाती कोलीत!

दुसऱ्याच दिवशी एक ट्रेलरवाला रूपेशला टाळून अझहरकडे थांबला. रूपेश तणतणत आला, मोबाइल नाचवत.

"याच्याकडं चाक देतोस? यानं सख्ख्या भावाचा डोळा फोडलाय, टॉमीनं! पागल हाय तो. छापून आलंय!"

अझहरने अलीकडे पाहिलं. "भाई, काय बोलतोय हा?"

"खोटं हाय," अली म्हणाला. पण ते म्हणायच्या आधीच त्याने रूपेशच्या तोंडावर ठोसा मारला होता. रूपेशचे ओठ फाटले. अली त्याच्या छातीवर बसून मारतच राहिला, आणि खोट्या गोष्टीसाठी माणूस असा मारत नाही, हे आम्हा सगळ्यांना कळलं. अझहरलाही कळलं. तो वळला आणि समोरच्या लोखंडी चाकावर स्वतःचं कपाळ आपटायला लागला. भुवई फुटली, रक्ताने डोळे भरले, तरी थांबेना. मी आणि ट्रेलरवाल्याने त्याला खाली पाडून दाबून धरला. मला तेव्हा रूपेशचा जीव घ्यावासा वाटत होता, खोटं कशाला बोलू.

निरोप मिळताच डॉक्टर आल्या. टाके घालता घालता त्या म्हणाल्या, "माझं चुकलं, अझहर. तुला आधी सांगायला हवं होतं."

"आता साऱ्या दुनियेला वाचाया मिळतंय ना? मग मलाच का नाय? वाचा, मॅडम."

"नको रं बाळा," धावत आलेली हुस्नबानो रडायला लागली.

डॉक्टर मराठी करून वाचू लागल्या. टॉमीपाशी आल्यावर अझहरने डोळे मिटले. रूपेशने तिथवरच सांगितलं होतं. डॉक्टर पुढे वाचत गेल्या.

"घाव घातल्यावर रुग्ण भरधाव ट्रकांसमोर उडी घ्यायला धावला. डोळा फुटलेल्या भावाने त्याला दारातच मिठी मारून धरलं. रुग्णाने त्याच्या खांद्याचा लचका तोडला, बरगडी मोडली. आई येईपर्यंत भावाने मिठी सोडली नाही."

अझहर उठला, अलीसमोर गेला आणि त्याने फाडकन त्याच्या कानाखाली वाजवली.

"चहा पिता पिता रिंग सांगत व्हतास! हे कधी सांगणार व्हतास रं, भाई?"

त्याने दुसऱ्यांदा हात उगारला. अलीने तो हात धरून त्याला जवळ ओढला आणि दोघं तसेच ओरडत, एकमेकांना बुक्क्या घालत जमिनीवर बसले. ती मारामारी सोडवायला आमच्यातलं कुणीच पुढे झालं नाही.