खंडेनवमीपर्यंत ठेवलेलं ग्राइंडर

आमच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. ग्राइंडरखाली काळा चुरा आणि बाकड्यावर किस्से. चुरा मी रोज संध्याकाळी ब्रशनं झाडून डब्यात भरते. किश्श्यांना डबा नाही, म्हणून ते मैत्रिणींना ऐकवते. त्या पोट धरून हसतात आणि विचारतात, "हे सगळं तुझ्याच बाबतीत कसं होतं गं?" मलाही नेमकं तेच विचारायचंय!

दुकान येडशीत आहे. फवारणीचे पंप आणि लाकूड तोडायचे चेनसॉ दुरुस्त करून मिळतात. दुकान सासऱ्यांचं. त्यांना मी मामा म्हणते. नवरा सागर इंजिनं खोलतो. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, तीन वर्षांच्या ओवीची आई. आणि घाबरण्यात पीएच.डी.

चेनसॉच्या चेनला मामा कायम कानशीनं धार लावायचे. एकेक दात, लेकराची नखं काढावीत तसा. पण अलीकडं त्यांना एका दाताचे दोन दिसायला लागले. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. शेवटी मीच बोलून बसले, "मामा, धारेचं ग्राइंडर घेऊ या का?"

मामांनी हातातली कानस पुसून ठेवली. मग म्हणाले, "घ्या. खंडेनवमीपतुर ठिवू. त्या दिवशी हत्यारांच्या पूजेत मांडायचं का इकून टाकायचं, ते म्या ठरवीन."

आणि मशीन निवडायचं काम कुणाकडं? जिनं सुचवलं तिच्याकडं!

*

मामा आणि मी धाराशिवला गेलो. दुकानदारानं जाडजूड दोन चाकांचं ग्राइंडर पुढं ठेवलं. "हे घ्या ताई. कोयता, कुऱ्हाड, छिन्नी, सगळं होतंय."

"चेनचं होतं का?"

"सगळ्यात चेन आलीच की!"

मी पर्समधून वही काढली. ओवी झोपली की व्हिडिओ बघून बघून मी चार पानं लिहिली होती. चाक पातळ पाहिजे, नाहीतर दाताच्या खाचेत शिरणारच नाही. चेन धरणारा शिकंजा कोनात फिरणारा पाहिजे. चाकावर झाकण पाहिजे. दुकानदारानं सुस्कारा टाकून आतून बरोबर तेच मशीन आणलं.

मग मी सोबतची चाकं बोटावर लटकवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं एकेक वाजवायला लागले. खणखणीत आवाज आला तर चाक चांगलं, बद्द आला तर आत तडा. व्हिडिओतली बाई तसंच करते.

दुकानदार म्हणाला, "ताई, मडकं घ्यायला आलाव का?"

मी लगेच चाक खाली ठेवायला लागले. तेवढ्यात मामा मागून म्हणाले, "मडकं फुटलं तर पाणी सांडतंय. हे फुटलं तर डोळा जाईल. वाजवू द्या तिला."

मला इतकं भरून आलं की मी दुकानातली सगळीच चाकं वाजवली. परत येताना जीपमध्ये मामा एवढंच म्हणाले, "दुसऱ्या मशीनची वाजवायची गरज नव्हती."

*

मशीन आल्यावर दुकानाबाहेर मी स्वतः बोर्ड लिहिला. "चेनचे नवीन मशीन आले आहे. त्वरित भेटा!"

लोक खरंच त्वरित भेटले. पहिली आली एक शाळकरी मुलगी, दप्तराची चेन तुटली म्हणून. मग एकजण सायकल ढकलत आला. मग एक बाई पदराआडून हळूच म्हणाल्या, "गळ्यातली चेन काळी पडलीया. मशीनवर उजळून मिळंल का?"

चौथ्या माणसानं पिशवीतून फुलपँट काढली. "लग्नाला निघालोय. चेन वरच जाईना!"

मी बोर्डाकडं बघत उभी. मामांनी शांतपणे पक्कड घेतली, चेनचं टोक दाबलं, वर मेणबत्ती फिरवली. चेन सर्रकन वर गेली. तो माणूस नव्या मशीनचं कौतुक करत लग्नाला गेला.

मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "मशीनचं पयलं गिऱ्हाईक हातानं झालं."

*

पहिली खरी चेन मी लावली ती आमचीच, जुनी, सरावाची. गॉगल लावला, केस बांधले, ओढणी घरी ठेवून आले, ओवीला आत्यांकडं, म्हणजे सासूबाईंकडं, सोडलं. आता धार राहून जायला नको म्हणून चाक दातावर टेकवलं आणि चांगलं दाबून धरलं.

दात निळा झाला. सुंदर, मोरपंखी निळा!

मला वाटलं, छान पॉलिश आलंय. उत्साहानं पुढचे पाच दातही निळे केले आणि चेन मामांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चेन नाकाजवळ नेली.

"नीळ किती घातलीस?"

दात तापला की पोलादाचं पाणी उतरतं, दात कामातून जातो, हे माझ्या वहीच्या तिसऱ्या पानावर लाल पेननं लिहिलेलं होतं. मीच लिहिलेलं.

त्या रात्री मला वाटलं, खंडेनवमीची वाट कशाला बघायची, आजच विकून टाकू. सकाळी मामा ग्राइंडरजवळ आले, पण त्याला हात न लावताच म्हणाले, "तव्यावरच्या भाकरीला बोट लावतीस ना, तसं. लावायचं आन् उचलायचं. भाकरीवर बोट ठिवून बसतंय का कुणी?"

त्यानंतर एकही दात निळा झाला नाही. भाकरी मात्र अजून करपतात.

*

ग्राइंडरचं बटण बंद केल्यावरही ते बंद आहे यावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून मी भिंतीवर, ओवीचा हात पोचणार नाही इतक्या उंच, दुसरं बटण बसवून घेतलं. तिथं माझाही हात पोचत नाही. स्टुलावर चढावं लागतं.

एकदा दुपारी घरी गेले आणि जिन्यातच वाटलं, वरचं बटण बंद केलं का? परत दुकानात. बंद होतं. पुन्हा घरी. दुधाखाली गॅस लावला. मग वाटलं, बंद होतं ते वरचं. खालचं बघितलंच नाही! पुन्हा दुकानात. तेही बंद. आता आलेच आहे तर मी प्लगही काढला, वायर गुंडाळली, चाकावर फडकं टाकलं आणि सुरक्षिततेच्या भावनेनं बाकड्यावर टेकले.

तेवढ्यात शेजारणीचा फोन. "अगं, तुमच्या घरातनं जळका वास कशाचा येतोय?"

सागर म्हणाला, "पातेल्याला बी एक उंचावर बटण बसवू."

*

बब्रुवानकाका बाभळी तोडायची कामं घेतात. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी विश्वासानं मला चेन दिली आणि दुसऱ्या दिवशी चेनसॉ खांद्यावर टाकून परत आले.

"पोरी, तुझी चेन खोडात सरळ शिरती आन् मधीच वळती. घरी काय इसरून आली का ती?"

कॅलिपर लावून बघितलं तर डावीकडचे दात उजवीकडच्यांपेक्षा आखूड! शिकंजा दुसऱ्या बाजूला फिरवताना मी परत मोजलंच नव्हतं. करवत बिचारी मोठ्या दातांच्या बाजूला ओढली जात होती.

"आता काय करू, मामा?"

"समद्यात बारका दात धर. बाकीच्यांना घासून त्याच्या मापाला आण. घरात बी तसंच असतंय."

सागर पान्याला तेल लावत म्हणाला, "व्हय. ओवी झोपली की समदे झोपतो आपण."

बब्रुवानकाका चेन घेऊन गेले. पण जाताना मामांना म्हणाले, "खंडेनवमी कवा हाय औंदा?" मामांनी तारीख सांगितली. मला त्या दोघांच्या बोलण्यात कुठंतरी मशीनला गिऱ्हाईक बघितल्याचा वास आला.

*

चाकाला रोज एक छोटा दगड लावून मी त्याचा आकार नीट करते. सागर त्याला दाढी करणं म्हणतो. एकदा ती दाढी चालू असताना रस्त्याच्या पलीकडं झाडाखाली एक माणूस चेनसॉ घेऊन उभा दिसला. दहा मिनिटं झाली तरी येईना. मी हात केला, तर तो आणखी मागं सरकला.

मी मशीन बंद करून ओरडले, "या की इकडं!"

"तेरखेड्याहून आलोय ताई! कामावरनं थेट! दारू हाय अंगावर!"

भर दुपारी! माझा तोल गेला. "पिऊन आलात आणि वर ओरडून सांगता? लहान मूल आहे इथं!"

"पिऊन न्हाय वो! अंगावर! फटाक्याची दारू! तुमच्या ठिणग्या उडायल्यात!"

सगळं बाकडं हसलं. मी वरचं बटणही बंद केलं, प्लग काढला. तो येऊन टेकला आणि घाम पुसत मामांना म्हणाला, "चाचा, दारूला भेत नाय मी. पण ह्या ताईला लई भ्यालो!"

*

आणि खंडेनवमी उजाडली.

मामांनी पाटावर लाल कापड अंथरून हत्यारं ओळीनं मांडली. कानशी, पाने, पक्कड, हातोडा. ग्राइंडर मात्र कोपऱ्यात, त्याच्या जागीच. मी पहाटेच घासूनपुसून ठेवलेलं. मामांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. हळदीकुंकू झालं, फुलं झाली, उदबत्ती झाली. बब्रुवानकाका प्रसादाला म्हणून आले होते, पण त्यांची नजर कोपऱ्यातच होती. मी मनात मशीनचा निरोप घेतला.

मग मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. "त्ये जड हाय. खाली कशाला आणायचं? जागच्या जागीच करू."

मोटरवर कुंकवाची पाच बोटं ओढली. झाकणाला झेंडूचा हार घातला. सागरनं माझ्याकडं बघितलं. मला समोरचं काही दिसेना, डोळेच भरले.

डोळे पुसून बघते तर मामांनी नारळ फोडलेला, आणि त्यातलं सगळं पाणी, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, प्रेमानं चाकावर ओतलेलं!

"मामा! चाक गेलं!"

ओवीनं पेढा तोंडाजवळच थांबवला.

"कामून?"

"ते पाणी पितं. एका अंगानं जड होतं. आता फिरवलं तर फुटंल." मला रडू यायला लागलं. "आता ते वापरता येणार नाही. नवीन बसवावं लागेल."

बब्रुवानकाका हळूच म्हणाले, "मंग इकायचं का?"

"पूजा झालेलं कुणी इकतंय का?" मामा खेकसले. त्यांनी ओलं चाक स्वतःच्या हातानं खोललं, उपरण्यानं पुसलं. सागरला नवीन चाक बसवायला सांगितलं. आणि ते ओलं चाक, कुंकवासकट, दुकानातल्या देवांच्या फळीवर नेऊन मधोमध ठेवलं.

दसरा झाल्यावर एक नवीन गिऱ्हाईक आलं. त्यानं चपला काढून फळीपुढं हात जोडले आणि विचारलं, "मामा, ह्यो मधला देव कोणता हो?"

मामा मान वर न करता म्हणाले, "सूनबाईचा हाय. नारळ फोडा, पण पाणी लांब ठिवा. भितो."