उलट्या बाजूने येणाऱ्या गाड्या

वीज केंद्राच्या वसाहतीच्या, म्हणजे ऊर्जानगरच्या गेटाजवळ झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या बाईंमुळे मी इथे टिकलो. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ऐकताना कुणाला वाटेल की पोरगा हिंमतवान होता. मी हिंमतवान नव्हतो, आजही नाही. बाई होत्या म्हणून झालं.

माझं गाव एटापल्लीच्याही आत, जंगलात. तिथून इथे यायचं तर पहाटेची बस धरायची, मध्ये दोनदा गाडी बदलायची आणि अंग आंबून उतरायचं. नववीत शाळा सोडून मी घरी आलो तेव्हा आई काही बोलली नव्हती. शेजारणींना मात्र सांगत राहिली की पोराला शिक्षण जमत नाही, कामात हुशार आहे. मग गावातल्या एकाच्या ओळखीने मला इथल्या एका मेसमध्ये काम लागलं. निघताना आईने फक्त एवढंच म्हटलं की आता तिकडे राहा. त्यातलं न बोललेलं मला कळलं होतं. शाळेतून पळून आलेला पोरगा कामावरूनही पळून आला, तर तिला शेजारणींना सांगायला काही उरणार नव्हतं.

माझं काम डब्यांचं. ठेक्यावरचे कामगार, दोनचार दुकानदार, क्वार्टरात एकटे राहणारे काही जण, अशांचे डबे सायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवून पोचवायचे. मेस रस्त्याच्या अलीकडे आणि कामगारांचं गेट पलीकडे. मधल्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक, कंपनीच्या बसगाड्या आणि शिफ्टला जाणाऱ्या मोटरसायकली. मी तिथे पोचलो की कधी कधी पाय थिजायचे. म्हणजे खरंच थिजायचे. हात हँडलवर, छातीत धडधड, आणि पाऊल उचलतच नाही. रस्ता मोकळा झाला तरी नाही. डबे थंड व्हायचे आणि कामगारांची जेवणाची सुटी निघून जायची. मेसवाले भाऊ तसे चांगले होते, पण त्यांनाही बोलणी खावी लागत. एक दिवस त्यांनी शांतपणे सांगितलं की अजून एकदा डबे उशिरा गेले, तर मी तुझं एटापल्लीचं तिकीट काढून देतो.

बाईंचाही डबा आमच्याकडून असायचा. दुकान सोडून घरी जायला त्यांना फुरसत नसे. त्यांचे यजमान वीज केंद्रात शिफ्टवर. दुकानात समोर झेरॉक्सचं मशीन, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आत पडद्यामागे चार कॉम्प्युटर. शाळेतली पोरं तिथे गेम खेळायला येत. दुपारी ऊन एवढं तापायचं की रिकामे डबे गोळा करायला निघेपर्यंत मी कुठेतरी सावली शोधायचो. बाईंनी एकदा विचारलं की बाहेर काऊन बसतोस, आत कूलर आहे. मग मी रोज आत बसू लागलो. एका दुपारी त्यांनी रिकामा कॉम्प्युटर दाखवून खेळ म्हटलं.

तो एक जुना गेम होता. एक आख्खं शहर, समुद्र, ताडाची झाडं, मागे डोंगर आणि वाळवंट. त्यात तुम्ही एक गुंड. वाटेल तिथे जायचं, वाटेल ती गाडी लोकांकडून हिसकावून पळवायची. पोरं तेच करत. मी एक रिकामी उभी गाडी बघितली, तिच्यात बसलो आणि रस्त्याच्या डाव्या बाजूने सावकाश चालवू लागलो. लाल दिवा लागला की थांबायचो. आणि तरी समोरून गाड्या माझ्याच अंगावर येत होत्या. एक धडकली, दुसरी धडकली, ट्रक आला, आणि मी खुर्चीतून उठलोच. बाईंना जाऊन सांगितलं की तुमचा गेम बिघडलाय, सगळ्या गाड्या उलट्या बाजूने येऊन राह्यल्या.

बाजूला बसलेली पोरं हसून हसून लोळली. एक म्हणाला, "सिग्नलवर थांबणारा गुंड पह्यल्यांदाच पाह्यला बे."

बाई हसल्या नाहीत. हसू आलं असेल, पण त्यांनी ते तोंडातल्या घासासोबत गिळलं. म्हणाल्या, "गेम नाई बिघडला बाबू. त्या देशात उजव्या बाजूनं चालवतेत. तूच उलटा जाऊन राह्यला." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तुले कुठी बिघडलं ते पाह्याची सवय दिसते. खरं बिघडलेलं पाह्याचं असन त ये, दाखवतो."

आणि त्या माझ्या शेजारी बसल्या. मला तोवर ठाऊकच नव्हतं की गिऱ्हाईक नसताना बाई स्वतः हा गेम खेळतात. त्यात गुंडगिरी करायला नाही. त्यातली खोट शोधायला. 'ग्लिच' म्हणायच्या त्या, पण मला समजावताना 'खोट' असंच म्हणाल्या. गॅरेजचं शटर पडताना गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवली की पोलीस आपल्याला विसरतात. डोंगरातल्या एका उतारावरून कधी कधी बिनमाणसाची गाडी आपोआप घरंगळत येते. पोरांना तर कोडच पाहिजे असायचे, दाबला की बंदूक, दाबला की विमान. बाईंना कोडांचा कंटाळा होता. कोड म्हणजे बनवणाऱ्याने स्वतःहून दिलेली किल्ली, असं त्यांचं म्हणणं, त्यात आपण काय केलं.

मग त्यांनी मला एक भिंत दाखवली. एका इमारतीच्या कोपऱ्यात मोटरसायकल मागे मागे नेऊन टेकवायची, तिच्यावरून उतरायचं, आणि माणूस भिंतीतून आरपार जातो. पलीकडे काही नाही. खाली जमीन नाही. तो पडतो. सगळीकडे निळं, आणि वर आख्खं शहर खालून दिसतं, टिनाच्या छपराला आतून बघावं तसं. रस्ते, गाड्यांची चाकं, समुद्राचा तळ. मी माउस सोडून पडद्याबाहेर पळालो आणि झेरॉक्सच्या मशीनला धरून उभा राहिलो.

बाईंनी आतूनच हाक मारली, "अबे, पाह्य त खरं कुठी पडतो तो."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. तो पडत होता, पडतच होता. आणि मग अचानक रस्त्यावर उभा. कपडे नीट, खरचटलेलंही नाही. एक गाडी त्याला वळसा घालून निघून गेली. बाईंनी सांगितलं की ज्यांनी गेम बनवला त्यांना सगळ्या फटी काही बुजवता आल्या नाहीत. म्हणून त्यांनी वरून एक नियम टाकून ठेवला, की जमिनीच्या खाली जो कोणी पडेल त्याला उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवायचं.

मी पुढचे कित्येक दिवस रोज दुपारी तिथे जाऊन पडायचो. दुसरं काही खेळायचोच नाही. पोरांनी चिडवायचंही सोडून दिलं.

बाईंचा एक दंडक होता. काही विचित्र दिसलं आणि मी ओरडलो की त्या म्हणायच्या, दुबारा करून दाखव. एकदा झालेलं त्यांच्या लेखी झालेलंच नसे. आठवायचं, कोणती गाडी होती, तोंड कुठे होतं, त्याआधी काय केलं होतं, आणि पुन्हा तिथे जाऊन तसंच्या तसं करायचं. नाही झालं तर एकेक गोष्ट बदलत जायची. एका वेळी एकच, नाहीतर कशामुळे झालं ते कळत नाही. शाळेत मला कुणी काही विचारलं की डोक्यात सगळं कोरं व्हायचं. इथे मात्र मी अर्धा अर्धा तास एकच वळण घेत बसायचो आणि डोकं शांत असायचं.

मेसवाल्या भाऊंनी तिकिटाचं बोललेलं मी बाईंना सांगणार नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी डबा देताना माझा चेहराच बोलला असावा. त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. पाय थिजतात, ट्रकची भीती वाटते, या गावाचीच भीती वाटते, मी इथे राहू शकणार नाही आणि घरी जाऊही शकणार नाही. मला वाटलं त्या धीर देतील. घाबरू नको वगैरे म्हणतील.

त्या म्हणाल्या, "दुबारा करून दाखव."

मला आधी समजलंच नाही. त्या म्हणाल्या, गेममध्ये माणूस भिंतीतून आरपार गेला त नेमकं काय केल्यानं गेला ते पाह्यतोस ना, मग हे काऊन नाई पाह्यत.

बाजाराच्या दिवशी त्यांचं दुकान दुपारी बंद असे. त्या दुपारी त्या डोक्यावर दुपट्टा घेऊन माझ्यासोबत रस्त्यावर आल्या आणि पानठेल्याच्या सावलीत उभ्या राहिल्या. मी सायकल घेऊन नेहमीच्या जागी गेलो. ट्रक आला, गेला. मी आरामात रस्ता ओलांडला. परत आलो. पुन्हा ओलांडला. काहीच होत नव्हतं, आणि मला त्याचीच लाज वाटू लागली. बाईंना वाटणार की हा खोटं सांगत होता.

बाईंना तसं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं की त्या दिवशी आणखी काय होतं. डबे भरलेले होते. मग पानठेल्यावरच्या माठातलं पाणी डब्यांत भरलं. ओझं झालं, पण पाय चालले. मग शिफ्टच्या भोंग्यापर्यंत थांबलो. भोंगा झाला, गर्दी झाली, बसगाड्या सुरू झाल्या. त्यातूनही मी एकदा पलीकडे जाऊन आलो. दुसऱ्यांदा निघालो तेव्हा माझ्या मागे एक बस येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला.

झालं. पाय जमिनीत रुतले. बसवाला शिव्या देत बाजूने निघून गेला, रस्ता रिकामा झाला, तरी मी तिथेच. बाईंनी मला हाताला धरून सावलीत आणलं. पाणी दिलं. मग रस्त्याकडे बघत राहिल्या, एखादं वळण आठवताना बघायच्या तशा.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला पुन्हा तिथेच उभं केलं. आता रस्त्यावर एकही गाडी नव्हती. एक बकरी होती, पलीकडच्या बाजूला. पानठेलेवाल्याची मोटरसायकल ठेल्याला टेकून उभी होती. बाईंनी त्याला काहीतरी सांगून चावी घेतली, गाडी ढकलत माझ्या पाठीमागे आणली आणि हॉर्न दाबला.

माझे पाय थिजले. रिकाम्या रस्त्यावर, एका बकरीसमोर.

"ट्रक नाई बाबू," बाई मागून म्हणाल्या. "गावही नाई. तुले मागचा हॉर्न सोसत नाई. एवढंच हाय ते."

मी रडलो की हसलो ते आता नीट आठवत नाही. पानठेलेवाला मात्र हसत होता, त्याला वाटलं आम्ही गंमत करतोय. मी बाईंना तिथेच सांगितलं की शाळेत गुरुजी फळ्यासमोर उभं करत, तेव्हा मागून सगळी पोरं बाकं वाजवायची, लवकर लवकर म्हणून. बाईंनी ऐकून घेतलं. इतके दिवस मी समजत होतो की मी सगळ्यालाच घाबरतो, ट्रकला, बसला, माणसांना, घरापासूनच्या अंतराला. आणि ती भीती केवढी निघाली, तर हॉर्नच्या बटणाएवढी.

मी विचारलं की आता ही खोट दुरुस्त कशी करायची. त्या म्हणाल्या की गेममधली ती भिंत इतक्या वर्षांत कोणी दुरुस्त केली का. नाही केली. लोकांना माहीत आहे, लोक बाजूनं जातात. तू पण बाजू शोध.

आम्ही रस्त्याच्या कडेने चालत गेलो. गेटाच्या थोडं अलीकडे नाल्यावर छोटा पूल आहे, त्याला सिमेंटचा कठडा. तिथे कठड्याला पाठ लावून उभं राहिलं की मागे कुणी येऊच शकत नाही. सायकल बाजूला घ्यायची, हॉर्नवाल्यांना समोरून जाऊ द्यायचं, आणि रस्ता मोकळा दिसला की आपल्या मनाने निघायचं. थोडा फेरा पडतो. तेवढं लवकर निघायचं.

दुसऱ्या दिवशी मी मेसमधून लवकर निघालो. कठड्याला पाठ लावली. एक बस गेली, दोनचार ट्रक गेले, त्यांनी हॉर्न दिले पण ते माझ्यासमोरून. मग मोकळा रस्ता दिसला आणि मी सायकल ढकलत निघालो. जेवणाचा भोंगा झाला तेव्हा डबे गेटावर होते. कामगारांपैकी एकाने झाकण उघडून म्हटलं की आज वरण गरम आहे. कुणाला सांगावं असं ते वाक्य नाही, पण मी संध्याकाळी फोनवर आईला तेच सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता फोन ठेव, चूल पेटली आहे.

मेसवाले भाऊ काही दिवस पाहत राहिले. मग एका सकाळी त्यांनी नव्या क्वार्टरांचेही डबे माझ्या सायकलला लावून टाकले. तिकिटाचं पुन्हा निघालं नाही.

मी बरा झालो असं म्हणणार नाही. मागून अचानक हॉर्न वाजला की आजही छातीत धस्स होतं, आणि अनोळखी गावात उतरलो की आधी भिंत शोधतो. पण मी इथेच आहे. खोली आहे, काम आहे, गावी जातो तेव्हा सुटी घेऊन जातो आणि परत येतो. असं काही लिहायची मला सवय नाही. आणि बाईंचे आभार तोंडाने मानायला गेलो की त्या झेरॉक्सचं मशीन सुरू करतात, त्या आवाजात काही ऐकू जात नाही.

त्यांचं एक राहून गेलेलं आहे. फार पूर्वी, मी इथे येण्याआधी, त्यांना त्या गेममध्ये वाळवंटाच्या डांबरी रस्त्यावरून एक बोट येताना दिसली होती. बिनपाण्याची, बिनमाणसाची, आपली सावकाश चालत येणारी बोट, आणि तिच्या मागे गाड्यांची निमूट रांग. त्यांनी किती प्रयत्न केले, पुन्हा ती आली नाही. पोरांना सांगितलं तर पोरं हसली. यजमान म्हणाले, झोप लागली असेल. आणि दुबारा झाली नाही म्हणून बाई स्वतःही तिला खरी धरत नाहीत. पण सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

सुटीच्या दुपारी मी हल्ली त्या वाळवंटात असतो. गाडी बदलतो, दिशा बदलतो, एका वेळी एकच गोष्ट. अजून काही हाती लागलेलं नाही. पण मला आता कुठे जायची घाई नाही. एक दिवस बाईंना हाक मारून पडद्यामागे बोलावीन, माझ्या खुर्चीवर बसवीन, आणि ती बोट त्यांना दुबारा दाखवीन.